दोन लिप्यांची मुलगी

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. हे गाव १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. 'दर्पण'मध्ये एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी असे. त्याच्या दहा वर्षं आधी, १८२२ मध्ये, कलकत्त्याला 'जाम-ए-जहाँनुमा' हा उर्दूतला पहिला अखबार निघाला होता. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या मुलांना मी वर्गात सांगतो, हे दोन्ही वारसे तुमचेच.

त्यातल्याच भाट्याच्या एका मुलीने बी.ए.नंतर पत्रकारिता शिकायचं मनावर घेतलंय. तिचे अब्बा मासेमारी करतात. ते म्हणाले, "सर, बी.एड. केलं तर निदान शाळेत लागेल. हे शिकून काय करणार? टीव्हीवर भांडणार?"

त्यांची भीती रास्त आहे. आपल्या नावाने रोज रात्री चालणारी आरडाओरड बघून कोणता बाप राजी होईल? मी म्हटलं, "भाई, खाडीच्या तोंडाशी गाळात होडी अडकते, तेव्हा पेपरात काय येतं?"

"दोन ओळी."

त्या दोन ओळींच्या पुढे काय विचारायचं, हेच या अभ्यासक्रमात शिकवतात. गाळ शेवटचा कधी काढला? खर्च किती झाला? कागद कुठे आहे? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो मागायचा कसा? समोरच्या बाजूचं म्हणणं घेतलं का? उर्दूत याला तहकीक म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीच हक, म्हणजे सत्य आहे. कॅमेरा आणि माईक नंतर येतात.

शिकायच्या जागाही आहेत. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, १९६४ पासून चालू आहे. हैदराबादला १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात हाच विषय उर्दूतून शिकता येतो. अडचण आहे ती फीची, राहण्याची आणि 'लोक काय म्हणतील' याची.

पहिल्या दोन अडचणी पैशाने सुटतील. तिसरी आपल्या हातात आहे. आपल्याबद्दल चुकीचं छापून आलं की मोहल्ल्यात तक्रार करायला शंभर माणसं जमतात. नीट लिहू शकेल अशी एक मुलगी पुण्याला धाडायची म्हटलं, तर त्यातली किती येतील?