आमची हलकी सायकल

आमचे गाव जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला. गावापासून शाळा साडेपाच किलोमीटर. आम्ही दोघे भाऊ व धाकटी बहीण असे तिघे आजोबांच्या जुन्या सायकलवरून शाळेत येत असू. एक जण चालवी, दुसरा पुढच्या दांडीवर बसे आणि बहीण मागे कॅरिअरवर. वाटेत एक नाला आहे. त्याचा अलीकडचा उतार जितका सुखाचा, तितकाच पलीकडचा चढ नतद्रष्ट. तेथे सर्वांनी उतरावे व सायकल ढकलीत न्यावी, अशी आमच्या घराण्यात आजोबांपासूनच वहिवाट पडली होती.

ती मोडण्याची बुद्धी आम्हास विज्ञानाच्या तासाला झाली. गुरुजींनी डोंगरातील शर्यतीच्या एका सायकलचे चित्र दाखविले. तिचा सांगाडा कार्बनचा, वजन अवघे एक किलोच्या आसपास. सबंध सायकल दहा किलोंच्या घरात! कार्बनचे तंतू केसाहूनही बारीक असतात. ते लांबीच्या दिशेने फार मोठी ओढ सोसतात, आडव्या दिशेने तितकी नव्हे. म्हणून त्यांचे थर उभे, आडवे, तिरपे असे एकावर एक रचून राळेत बसवितात आणि साच्यात तापवून घट्ट करतात. जेथे जोर अधिक तेथे थर अधिक. आम्हास आमच्या रानातला बांबू आठवला. तोही उभा सहज चिरतो, पण ओढून तोडू म्हटले तर दोन बैल हरतील.

याहून नवलाची गोष्ट गुरुजींनी पुढे सांगितली. या सायकलींचा जन्म कारखान्यात झालेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातल्या तरुणांनी जुन्यापुराण्या अवजड सायकली मिळवल्या, त्यांचे मडगार्ड व इतर अलंकार उतरविले आणि डोंगरावरून खाली सोडल्या. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली. उतारावर ब्रेक इतके तापत, की आतले वंगण जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. १९७७ साली त्यांच्यातील जो ब्रीझ याने अशा वाटांसाठी नवा सांगाडा घडविला आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. जुनी व अवजड सायकल तर आमच्याही घरी होती! शिवाय नाशिकच्या ज्या महाजन डॉक्टरांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, तेही सख्खे भाऊ. एवढे साम्य आम्हास पुरेसे वाटले.

कापसाच्या काट्यावर सायकल चढविली. २२ किलो भरली. मग पान्हा घेऊन बसलो. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, बंद पडलेला डायनॅमो, दिवा, कुलूप आणि कॅरिअर एकेक करून उतरविले व वाण्याच्या तराजूत घातले. सारे मिळून पाच किलो झाले. पुढचा ब्रेकही काढावा असा आमचा विचार होता. परंतु आदिलाबादच्या सायकल मिस्त्रीने, "त्याने वजन नाही, तुमचे दात कमी होतील," असे सांगून आम्हास परावृत्त केले. चाकांच्या लोखंडी धावा बदलाव्यात, कारण फिरणाऱ्या कडेचे वजन वेग घेताना जवळजवळ दुपटीने जाणवते, हे गुरुजींनी सांगितले होते. पण तेवढे पैसे कोठून आणावे?

मिस्त्रीनेच स्वस्तातला उपाय सुचविला. आमच्या पायंडलापाशी ४४ दात्यांचे चक्र होते व मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील. म्हणजे पायंडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पळे. मागे २२ दात्यांचे जुने फ्रीव्हील बसविले, साखळीच्या कड्या वाढविल्या आणि तेच अंतर साडेचार मीटरांवर आले. सपाटीला पाय भिरभिरू लागले. चढाला मात्र गुडघ्यांना प्रथमच न्याय मिळाला.

तो श्रावणातला दिवस होता. पाऊस उघडला होता. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सर्वांस ठाऊकच आहे. एरवी ती मडगार्डात भरून चाकच जाम करी. आता ती आमच्या पाठीवर उडत होती. (आईने त्या सदऱ्यांविषयी काय म्हटले ते येथे देत नाही.) एकाने चालवावे, दुसऱ्याने मागून धावावे असा क्रम ठरला आणि त्या सकाळी आम्ही दोघांनीही आळीपाळीने तो चढ न उतरता पार केला. वर पोचल्यावर आम्ही असे ओरडलो, की बाजूच्या कपाशीत निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाहू लागल्या.

बहिणीला आम्ही "चार दिवस मैत्रिणींबरोबर चालत ये," असे सांगितले होते. चार दिवसांचा महिना झाला. तिने तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही विचारले नाही. एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिकांनीच आम्हास थांबवून विचारले, "तुमची बहीण रोज प्रार्थनेनंतर का येते?" आम्हास उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी नाल्यापाशी ती आम्हास दिसली. मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या. चपला हातात होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि दप्तर भिजू नये म्हणून तिने ते डोक्यावर धरले होते. आम्ही सायकलवरून उतरलो. ती म्हणाली, "दादा, तुम्ही जा. तुमचा चढ चुकेल."

रात्री कंदिलाएवढ्या मिणमिणत्या दिव्याखाली कॅरिअर पुन्हा बसविले. वजन दीड किलोने वाढले. बहीण २७ किलोंची, हे आम्ही काट्यावर पूर्वीच पाहिले होते. २२ दात्यांचे फ्रीव्हील तेवढे ठेवले. आता आमच्यापैकी एक जण पायी निघतो, एक चालवितो. नाल्याशी अदलाबदल होते. बहीण मागे बसून चढाचे दगड मोजते. काल पिवळ्या दगडापर्यंत, म्हणजे चढाच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचलो. मग ती न सांगताच खाली उडी मारून मागून ढकलू लागली.