कॅमेरा वापरणार कोण?

आधी एक सोपा प्रयोग करा. दिवसा खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीसमोर एक भिंग धरा. भिंगाच्या मागे बटरपेपरचा तुकडा धरून तो हळूहळू मागेपुढे न्या. एका ठिकाणी बाहेरचं झाड कागदावर उलटं, पण अगदी स्पष्ट उमटेल! कागद जरा सरकला की झाड पुसट.

रिळाच्या एसएलआर कॅमेऱ्यात हेच घडतं. भिंग म्हणजे त्याची लेन्स. बटरपेपरच्या जागी आत एक छोटीशी दुधी काच असते. तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून या काचेवर पडतं. ते पाहत लेन्सचं कडं फिरवायचं आणि हवी ती वस्तू स्पष्ट करायची.

अशाच एका काचेची ही गोष्ट. खरं म्हणजे माझ्या एका चुकीची.

१९९६ सालचा हिवाळा होता. आम्ही नाशकात, पंचवटीत राहत होतो आणि मी अकरावीत होते. आजोबांकडे निकॉनचा एफएम-टू कॅमेरा होता. घरातलं बारसं असो की लग्न, फोटो आजोबांनीच काढायचे! एकदा मला कॅमेऱ्यातून पाहताना धुळीचे कण दिसले. मी लेन्स काढली आणि आतली काच रुमालाने खसाखसा पुसली. झालं! बरोबर मधोमध चरे पडले.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, त्या काचेवरची धूळ फोटोत येतच नाही. ती काच फक्त आपल्याला दाखवण्यासाठी असते. आता दुसरी आणावी लागेल. तूच आण आणि निवडही तूच कर."

बाबांबरोबर मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने होती. एका दुकानदाराने माझ्यापुढे तीन छोट्या डब्या ठेवल्या. तिन्ही काचा आमच्याच कॅमेऱ्याच्या, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

पहिली 'के' जातीची, म्हणजे आमच्या जुन्या काचेसारखीच. तिच्या मध्यावर सुमारे ३ मिलिमीटरचं एक वर्तुळ असतं आणि त्याचे वरचा-खालचा असे दोन भाग असतात. फोकस चुकला असेल तर त्या वर्तुळात दाराची चौकट मधोमध तुटलेली दिसते. कडं फिरवत तुटके भाग जुळवले की फोकस बरोबर! दुसरी 'बी' जातीची. ती सगळी दुधी, तिच्यात तुटकी रेघ नाही. चित्र स्पष्ट झालं की नाही, हे आपल्या डोळ्यानेच ठरवायचं. तिसरी 'ई' जातीची. तीही दुधीच, पण आडव्या-उभ्या रेघांची. देऊळ किंवा इमारत फोटोत तिरकी येऊ नये म्हणून ती उपयोगी.

दुकानदाराने विचारलं, "ताई, लेन्स कोणती लावणार? आणि कॅमेरा वापरणार कोण?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला मला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या त्या पाणथळीवर हिवाळ्यात चक्रवाक आणि चमचे उतरतात. (२०२० साली रामसर यादीत नाव जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण.) एका ओळखीच्या काकांनी ३०० मिलिमीटरची, एफ ४.५ ची लेन्स आणि तिची ताकद दुप्पट करणारी जोडभिंगं द्यायचं कबूल केलं होतं. दोन्ही मिळून ६०० मिलिमीटर, पण प्रकाश मात्र एफ ९ इतकाच. एवढ्या कमी प्रकाशात 'के' काचेतल्या वर्तुळाचा एक अर्धा भाग काळाकुट्ट होतो. म्हणजे पक्ष्यांसाठी साधी दुधी 'बी'च बरी.

आणि कॅमेरा वापरणार कोण? मी ठसक्यात म्हटलं, "मीच!"

घरी आल्यावर आजोबांनी चिमट्याने काचेचं टोक धरून ती अलगद बसवली. कॅमेऱ्यातून पाहिलं. क्षणभर थांबून म्हणाले, "छान आहे हो." माझ्या डोक्यात तेव्हा फक्त चक्रवाक होते!

मे महिन्यात मामेभावाची मुंज झाली. मातृभोजनाच्या वेळी मामी आणि बटू एका ताटात जेवत होते. कार्यालयात उजेड कमी, म्हणून आजोबांनी ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडली, एफ १.८ ला. अशा वेळी दोन मीटरवर जेमतेम वीतभर जागाच नीट स्पष्ट येते. फोटो धुऊन आले आणि आम्ही सगळे गप्प. मामी पुसट, बटू पुसट. आजोबा हसत म्हणाले, "वा! भिंतीवरचं स्वस्तिक मात्र झकास आलंय!"

रात्री त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला. "यापुढे फोटो तूच काढ," म्हणाले. तेव्हा आईने मला सांगितलं, आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता.

आजोबा नेहमी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगत. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. सिनेमाच्या अभ्यासात रात्रंदिवस डोळे शिणवून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. मग १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली होती. पण आपल्याच घरातल्या डोळ्यांकडे मी पाहिलं नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरायचो. रेघेला रेघ जुळते का, ते पाहायचं. मला एकदम सुचलं. कागदावर जाड पेनने उभ्या रेघा काढल्या, त्यातली एक मधोमध किंचित सरकवलेली. कागद ओसरीच्या टोकाला लावला. तेवढ्या अंतरावरून आजोबांना शेजारची अक्षरं वाचता येईनात, पण बोट दाखवून म्हणाले, "तिसरी तुटली आहे." बघा, पुसट काय आणि स्पष्ट काय हे ओळखण्यापेक्षा रेघ तुटलेली ओळखणं डोळ्याला कितीतरी सोपं जातं! आजोबा इतकी वर्षं 'के' काचेच्या भरवशावर फोकस करत होते, आणि मी त्यांची तुटकी रेघच काढून घेतली होती.

खाऊच्या पैशांत बाबांनी भर घातली आणि 'के' काच आली. दोन्ही काचा घरी ठेवल्या. नांदूरला जाताना 'बी', घरात कार्य असलं की 'के'. काच बदलायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मामीचा तो फोटो मात्र पुन्हा निघाला नाही. मुंज काही दोनदा होत नसते.

तुम्हाला असा कॅमेरा मिळाला तर आतल्या काचेला बोट, रुमाल, स्पिरिट काही लावू नका. फुंकरही नको, थुंकी उडते. छोट्या रबरी पंपाची हवा पुरे. नवी काच बसवलीत तर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, एकाच ओळीवर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडून फोटो काढा. नेमकी तीच ओळ स्पष्ट आली पाहिजे. मागची-पुढची आली तर काच जागेवर बसलेली नाही. एफएम-टूमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्म ४६.५ मिलिमीटरवर असते. आरशामार्गे काचही बरोबर तेवढ्याच अंतरावर हवी.

आणि दुकानात निवड करताना कोणी विचारलं, "वापरणार कोण?" तर माझ्यासारखं झटकन उत्तर देऊ नका. आधी घरी विचारून या.