पाच अक्षरी इंग्रजी शब्द आणि आपली मुले

दहावीला मूल अडले की आम्ही आधी विषय विचारतो. उत्तर बहुधा ठरलेले असते. गणित, नाहीतर इंग्रजी. त्यातही मुले म्हणतात, गणिताला निदान नियम आहेत, इंग्रजीला तेही नाहीत. महाराष्ट्रात मराठी शाळांतून सन 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणजे दहावीतल्या मुलाच्या मागे इंग्रजीची दहा वर्षे असतात. तरीही स्पेलिंगचे नाव काढताच त्याची मान खाली जाते, हे आम्ही रोज पाहतो.

कचेरीतली कारकुनी उरकून संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुले येतात. कोणाचे वडील नाक्यावर उभे राहून बिगारी काम मिळवतात, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी यायची थांबली. आम्ही घरी गेलो. आई म्हणाली, "दादा, पोरीच्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही. वर्गात सगळी हसली तिला. आता माझ्यासंगं कामावर येते म्हणते." चौकशी केली तेव्हा कळले, की शाळेत धडा वाचताना एन-आय-जी-एच-टी हा शब्द तिने 'निघ्ट' असा वाचला होता. एवढेच कारण. एका शब्दापायी मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती.

त्या आठवड्यात आम्ही अभ्यासिकेत पाच घरांचा खेळ सुरू केला. मोबाईलवर 'वर्डल' नावाचा खेळ पुष्कळांनी पाहिला असेल. जोश वॉर्डल या संगणक अभियंत्याने तो 2021 साली लोकांपुढे आणला आणि जानेवारी 2022 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपलेला असतो आणि तो सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. आम्हाला मोबाईल लागला नाही. फळ्यावर खडूने पाच चौकोन काढले. अक्षर बरोबर जागी आले तर खाली बरोबरची खूण, शब्दात आहे पण जागा चुकली तर गोल, नसलेच तर फुली.

मुलांनी पहिला प्रश्न विचारला, की सुरुवात कोणत्या अक्षराने करावी? याचे उत्तर एका बेकार माणसाने मोजून ठेवले आहे. अल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुरचनाकार. 1930 च्या दशकातल्या महामंदीत त्याचे काम गेले. त्याने वर्तमानपत्राची पाने समोर घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजत बसला. त्यातूनच पुढे 'स्क्रॅबल' हा खेळ तयार झाला. त्याच्या 100 सोंगट्यांत 'ई' 12 वेळा आहे, 'क्यू' आणि 'झेड' एकेकदाच. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कामगारांनाही हे ठाऊक होते. इंग्रजी खिळ्यांच्या पेटीत सर्वांत मोठा खण 'ई'चा असे. म्हणजे इंग्रजीत मोजण्यासारखे, हिशेबात बसण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही अट घातली. पाच अक्षरे हवीत आणि त्यांत जी आणि एच शेजारी शेजारी हवेत. ती मुलगी कोपऱ्यात येऊन बसली होती. मुलांनी फळा भरून टाकला. नाइट, लाइट, राइट, फाइट, साइट, माइट, टाइट. मग एट. मग लाफ, कफ, रफ, टफ. शेवटी एकाने घोस्ट आणला. मुलांनी बघितले, की पहिल्या सात शब्दांत फक्त पहिले अक्षर बदलते. सात स्पेलिंगे पाठ करायची नव्हतीच, एकच करायचे होते.

मग आम्ही विचारले, हे जी-एच बोलायचे नाहीत तर लिहायचे कशाला? कारण असे, की एके काळी ते बोलले जात होते. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातला माणूस रात्रीला 'निख्ट' असे काहीसे म्हणत असे. इंग्रजीची सख्खी बहीण जी जर्मन भाषा, तीत आजही रात्रीला 'नाख्ट' आणि आठाला 'आख्ट' म्हणतात. 1476 साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छापील शब्द हळूहळू पक्के झाले, लोकांची बोली मात्र पुढे बदलत गेली. घसा घासून काढायचा तो आवाज नाहीसा झाला, कागदावर जी-एच राहून गेले. घोस्टमधला 'एच' तर बहुधा कॅक्स्टनच्या छापखान्यातूनच आला, शेजारच्या फ्लेमिश भाषेच्या वळणाने.

मुलगी पहिल्यांदा बोलली. "म्हणजे मी वाचलं तसं ते लोक बोलायचे?" आम्ही म्हणालो, "जवळजवळ तसंच. तू वाचलंस ते लिहिल्याप्रमाणे वाचलंस. मराठी असंच वाचतो आपण." त्या दिवशी कोणी हसले नाही. पुढच्या सोमवारी ती शाळेत गेली.

आणखी एक शब्द सांगतो, डाउट. पाच अक्षरे, त्यांत बी गप्प. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. नंतरच्या विद्वानांना शब्दाचे लॅटिन कूळ दाखवायची हौस होती, म्हणून त्यांनी मध्ये बी घुसडला. सामान्य माणसे मात्र पूर्वीसारखीच बोलत राहिली. कर्ज या अर्थाच्या डेट शब्दाचेही तेच. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर डेबिट-क्रेडिट लिहिणारे. डेबिटमधला बी बोलतो, डेटमधला बोलत नाही, हे आम्ही मुलांना खातेवही दाखवून सांगतो. पंडितांच्या हौसेचा भार आज आपल्या मुलांनी उचलायचा आणि वर मठ्ठ ठरायचे, हा कुठला न्याय?

क्वाएट आणि क्वाइट या जोडीत तर अक्षरेही तीच पाच, फक्त शेवटच्या दोघांची जागा बदलते. शांत म्हणजे ई आधी, टी नंतर. पुरेसा किंवा अगदी म्हणजे टी आधी, ई नंतर. असे शब्द समोरासमोर लिहून ठेवले की गोंधळ मिटतो.

आई-बाबांना आमची विनंती आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी हा खेळ घरी चालवता येतो. मुलाने पाठ्यपुस्तकातला पाच अक्षरांचा शब्द चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठी आईच्या मुठीत द्यावी. भावंडांनी पाटीवर अक्षरे मांडावीत. आईने चिठ्ठीवरचे अक्षर पाटीवरच्या अक्षराशी ताडून पाहावे आणि खूण करावी. सारखे दिसते की नाही, एवढेच बघायचे आहे. रोज एक शब्द, दहा मिनिटे, खर्च शून्य. आणि मूल वाचताना अडखळले तर हसू नका, शब्द लिहून घ्या. अक्षरे मोजा, त्यातले मुके अक्षर कोणते ते मुलालाच शोधू द्या.