खंयची आमची माती?

आमच्या चाळीत ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम कोणी मुद्दाम लावत नसे. तो लागलेला असे. लालबागच्या त्या चाळीत पहिला टीव्ही जॉबरकाकांच्या खोलीत आला तो १९७६ च्या गणपतीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झालं होतं, पण आमच्या जिन्यापर्यंत यायला त्याला चार वर्षं लागली. वाहिनी एकच. छायागीताला किंवा शनिवारच्या मराठी सिनेमाला पुढची जागा हवी असेल, तर संध्याकाळपासून फतकल मारून बसावं लागे आणि बसलं की आधी शेतीचा कार्यक्रम पदरी पडे. खतं, फवारणी, बाजारभाव. आम्ही पोरं जांभया देत असू. मोठी माणसं मात्र बोलायला लागत, एकमेकांशी नव्हे, टीव्हीशी.

माझे वडील, अण्णा, गिरणीत साचेखात्यात होते. पहिल्या पाळीहून येऊन, आंघोळ करून, खांद्यावर पंचा टाकून ते जॉबरकाकांच्या दारात उभे राहत. आत ये म्हटलं तरी येत नसत. पहिल्यांदा त्यांचं मत ऐकलं ते अजून आठवतं. पडद्यावर कोणी कृषी अधिकारी ढेकूळ हातात चुरून दाखवत होता. अण्णा दारातून म्हणाले, “ही खंयची आमची माती? काळी आसा ती.”

टीव्ही कृष्णधवल. त्यात माती काय, भेंडी काय आणि अधिकाऱ्याचा शर्ट काय, सगळंच करडं. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“भेगा बघ. तांबड्या मातीक अशी भेग पडणा नाय.”

त्यांची माती वेंगुर्ल्याजवळची, जांभ्यावरची. पाऊस कितीही कोसळो, पाणी धरून न ठेवणारी. कार्यक्रमात ऊस, द्राक्षं, कांदा आला की ते पंचा झटकायचे. साताऱ्याकडचे शेजारी उसाला खूश व्हायचे, पण बाजारभाव सुरू झाले की त्यांचंही बिनसे. “ह्यो भाव कुणाला गावला, त्याचं नाव सांगा म्हणावं.” आईचं मत वेगळंच. तिला नावातली ‘माणसं’ खटकत. “लावणी बायलमाणसांनी करूची आणि बोलूचा बापयांनी!” असं म्हणून ती तांदूळ निवडायला घ्यायची, कान मात्र तिकडेच.

एकदा अण्णांनी ठरवलं, हे सगळं वरळीच्या दूरदर्शन केंद्राला कळवायचंच. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणलं. मजकूर ते सांगणार, मी लिहिणार. चार संध्याकाळी नुसता मायना ठरत होता. ‘सप्रेम नमस्कार’ की ‘सा. न.’? पाचव्या दिवशी गावाहून कोणी आलं आणि म्हणालं, यंदा पाऊस ओढला, तरवा करपला. अण्णांनी तेच कार्ड पुढे केलं आणि गावच्या काकांना पत्र लिहायला लावलं: विहिरीचं पाणी किती आहे, कोणाकडून तरवा मिळतो का. मत राहून गेलं.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. आधी वाटलं, महिन्याभरात मिटेल. होळी झाली तरी भोंगा वाजेना. जॉबरकाकांच्या खोलीत दुपारपासून पुरुषच पुरुष दिसू लागले. आणि त्या वर्षी कार्यक्रमाविषयीची मतं बंद झाली. कोणी हसेना, टोमणा मारेना. “गप रे, काय म्हणतोय ऐकू दे,” असं एकदा साताऱ्याच्या काकांनी मला दटावलं. पन्नास पिल्लांना खाद्य किती, खुराड्याला खर्च किती, हे ते माझ्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत होते. अण्णा पंचा मांडीवर ठेवून पुढच्या रांगेत बसले होते. त्यांना त्या खोलीत बसलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

काका त्या उन्हाळ्यात साताऱ्याकडे गेले, अण्णा मृगाच्या आधी गावी. पुढे गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

तीन वर्षांनी मे महिन्यात मी गावी गेले. परसात पिशव्यांमध्ये आंब्याची कलमं ओळीनं उभी होती. कोय कलमं. अण्णांनी मला सगळी कृती पाठ म्हणून दाखवली. पावसाच्या तोंडावर रायवळाच्या कोयी रुजवायच्या. कोंब तांबूस असतानाच त्याचा शेंडा छाटून चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी. काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच छाटलेली हवीत. “टीव्हीत दाखवल्यानी होता,” ते म्हणाले. म्हणजे दारात उभं राहून पंचा झटकणाऱ्या माणसानं एक अक्षर वाया घालवलं नव्हतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ मध्ये आलेला ‘रत्ना’, नीलम आणि हापूसचा संकर, त्यांनी चाखला होता. “साका नाय ह्या खरा. पण वास खंय?” आणि कार्यक्रमाबद्दल? थोडं थांबून म्हणाले, “सांगल्यानी ता बरोबर. पण वाळवीचा नाव काय घेतल्यानी नाय.”

आता मी डोंबिवलीत राहते. गॅलरीत अठरा कुंड्या आहेत. परसबागेचे कार्यक्रम इतके झालेत की लावायचा कोणता हाच प्रश्न. अर्ध्या तासात बी पेरलं जातं आणि वांगी तोडली जातात. कार्यक्रमातल्या बाईंच्या नखात मातीही जात नाही. “मावा कुठाय?” मी पडद्याला विचारते. “पिठ्या ढेकूण कुठाय?” नवरा म्हणतो, तिला तुझं ऐकू येत नाही. मला ठाऊक आहे.

कुंड्यांमध्ये माती अशी थोडीच. बाकी रसवंतीवाल्याकडची वाळलेली चिपाडं, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर आयुष्यभर सांगत राहिले की झाड आपलं अन्न पानावर पडणाऱ्या उन्हातून, हवेतून आणि पाण्यातून घडवतं. मातीतून घेतं ते अगदी थोडं. अण्णांना हे सांगितलं असतं तर पंचा झटकला असता. तरी एकदा नर्सरीतून मी एक पोतं आणलंच. वर लिहिलेलं, ‘लाल माती’. दुकानदाराला विचारलं, ही कुठची? तो म्हणाला, “लालच आहे मॅडम, उघडून बघा.”

उघडून बघितली. तांबडी होती. प्रत्येक कुंडीत एकेक ओंजळ घातली.

परवा कार्यक्रम बघताना नवरा म्हणाला, “बसून बघ ना, उभी का?” तेव्हा लक्षात आलं, हात पदराला पुसत मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी असते, मतं देत. बसायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.