वळणरस्ता

बायपास हा शब्द आमच्या यवतमाळात पूर्वी ट्रकवाल्यांच्या तोंडी असे. गावातला रस्ता तुंबला की बाहेरून दुसरा काढायचा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे तो डॉक्टरांनी उचलला. नागपूरला माझ्या पायातली शीर काढून हृदयावर जोडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नवा रस्ता झाला. जुना तुंबलेला तसाच आहे बरं का!" म्हणजे थेट बांधकाम खात्याचीच तऱ्हा. शिवाय नव्या रस्त्यावरही पुन्हा अतिक्रमण होऊ शकतं, ही तंबी वेगळीच. डॉ. मनमोहन सिंगांची पहिली बायपास १९९० साली झाली आणि पंतप्रधान असताना, २००९ साली, पुन्हा करावी लागली. खुद्द पंतप्रधानांच्या रस्त्याची ही कथा, तिथे निवृत्त मास्तराचं काय!

आपल्या देशात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. रेल्वेच्याच दवाखान्यात सांधा बदलला गेला, हे मला फार शोभून दिसतं. आमच्या वडिलांना मात्र त्याच सुमारास छातीत कळ आली, ती घरच्यांनी 'गॅस' ठरवली. ओवा झाला, सोडा झाला. डॉक्टर येईपर्यंत वडील गेले. वय ५४. ही गोष्ट आमच्या हिनं सासूच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. त्यामुळे मी घरी परतलो तो थेट लष्करी अमलातच.

पहिला हुकूम तेलाचा. माणशी दिवसाला तीन लहान चमचे, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा लिटर. आता गोळाभातावर हिंगाचं कढत तेल ओतायचं नसेल, तर तो गोळाभात कसला? नुसता गोळा आणि नुसता भात! तर्री गेली, पाटवडीचा रस्सा फिका झाला, सांबारवडी तळणीतून उतरून वाफेवर बसली. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचाभरसुद्धा नाही, आणि त्या हिशेबात लोणचं, पापड, कुरडई सगळं आलं. उरली ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. गंमत अशी, की आमची आजी जन्मभर हेच खात असे, आणि तिला आहारतज्ज्ञ हा शब्दही ठाऊक नव्हता.

दुसरा हुकूम चालण्याचा. छातीचं हाड तारेनं बांधलेलं, ते जुळायला दोन-तीन महिने. तोवर पाण्याची बादली उचलायची नाही आणि खोकला आला तर उशी छातीशी धरायची. चालणं मात्र रोज. पण आमच्या गावी एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठलाच ऊन डोळे वटारतं, म्हणून पहाटे पाचला बाहेर. वाटेत चौकात मित्रमंडळी उभी.

"काय गुरुजी, एका आलूबोंड्यानं काय होते?"

"आता तर पाइप नवा टाकला नं, मंग भेव कायचं?"

असं म्हणत एकानं खऱ्र्याची पुडी पुढे केली. त्याला म्हटलं, "बाबा, पाइप दवाखान्यातला नव्हे, माझ्याच पायातला आहे. दर वेळी पाय कुठून आणू?"

घरात दोनच माणसं. वैद्यकीय आज्ञा माझ्या एकट्यापुरत्या. हिच्या शिरा खडखडीत मोकळ्या. पण दोन महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं, की हिचंही ताट तसंच. तीच वाफेवरची वडी, तेच फिकं वरण. म्हटलं, "अगं, तू तरी घे तेल." तर म्हणाली, "एकटीनं खाल्लेलं अंगी लागत नाही." आणि भाकर थापायला वळली.

पूर्वी आमच्याकडे महिन्याला चार लिटर तेल येई. परवा एकच मागितलं, तेव्हा किराणावाला काळजीनं म्हणाला, "काय मास्तर, घरची माणसं कमी झाली काय?"

म्हटलं, "नाही रे बाबा. माणसं तेवढीच राहावीत म्हणून तेल कमी झालं."