रजेवरची बाई आणि नवा मालक

“ताई, कंपनी विकली म्हणतात. मग माझी रजा कोण देणार?” म्हसा, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यातल्या बाया हा प्रश्न फोनवर विचारतात, तेव्हा त्या बहुतेक माहेरी असतात. मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ असतं. बातमी पॅकिंग खात्यातल्या मैत्रिणीकडून आलेली असते. कंपनीचं पत्र आलंच असेल, तर ते सासरच्या पत्त्यावर पडलेलं असतं. कामगार कायद्याची वकील म्हणून माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: तू रजेवर आहेस, म्हणजे नोकरीत आहेस. हजेरीवर सही नाही म्हणून नोकरी गेली, असं होत नाही.

मग मी विचारते, नेमकं विकलं काय? पगाराच्या पावतीवर कंपनीचं नाव तेच असेल आणि फक्त शेअर दुसऱ्याच्या हाती गेले असतील, तर कायद्याच्या लेखी मालक बदललेलाच नाही. शेड, यंत्रं, ऑर्डरी सगळं दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेलं असेल, तर मात्र वेगळा नियम लागतो. त्या नियमामागे आपली बार्शी आहे.

मिरज ते लातूर धावणारी बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने त्याआधीच कामगारांना नोटिसा दिल्या होत्या की, ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपेल. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतलं, पण जुन्या नोकरीच्या भरपाईचा प्रश्न राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तो फिरवला: धंदाच मालकाच्या हातून गेला तर ती कामगारकपात नव्हे, म्हणून कपातीची भरपाईही नाही. संसदेला हे पटलं नाही. १९५७ साली तिने औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून लागू धरली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी या नियमाचा गाभा तोच आहे. उद्योग दुसऱ्याकडे गेला की वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात झाल्यासारखीच नोटीस आणि भरपाई मिळते, म्हणजे पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. नव्या मालकाने नोकरी खंड न पाडता चालू ठेवली, अटी आधीपेक्षा कमी केल्या नाहीत आणि पुढे कधी कामगाराची कपात करायची वेळ आली तर जुनी वर्षंही मोजायचं बंधन पत्करलं, तरच ही भरपाई टळते. तिन्ही गोष्टी हव्यात. दोन पाळून चालत नाही.

बाळंतपणाच्या रजेच्या प्रकरणात मालक बदलण्याबद्दल वेगळं कलम नाही. म्हणून हा नियम रजेच्या नियमांना जोडून वाचावा लागतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा. त्यासाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. “माझ्याकडे तुझे ८० दिवस कुठे भरलेत?” असं नवा मालक म्हणतो. नोकरी अखंड असेल, तर जुन्या मालकाकडचे दिवस हेच तिचे दिवस. या रजेत तिला काढता येत नाही, तिच्या तोट्याच्या अटी लादता येत नाहीत. सलग नोकरी मोजताना पूर्वी रजेचे १२ आठवडेच धरत. आता २६ धरतात. मुंबई प्रांताने १९२९ साली बाळंतपणाच्या लाभांवरचा देशातला पहिला कायदा केला आणि त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडली होती. एवढ्या जुन्या हक्कासाठी आजही गेटवर हुज्जत घालावी लागते, याचा मला मनापासून राग येतो.

व्यवहारात नोकरी जाते ती कागदावर. सौद्याबरोबर कामगारांची यादी जोडतात. ती चालू महिन्याच्या हजेरीवरून काढली की रजेवरची बाई आपोआप गळते. मग सुपरवायझर घरी येतो आणि म्हणतो, “वहिनी, इथे सही करा, हिशेब मिळेल.” त्या कागदावर राजीनामा असतो. फंडातली नोकरीची नोंद मोबाइलवर उघडली की खरा प्रकार दिसतो: जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख पडलेली, नव्या कंपनीचा नवा खाते क्रमांक आणि रुजू झाल्याची ताजी तारीख. सात वर्षं जुनी कामगार एका रात्रीत नवी होते.

ठेकेदाराकडच्या बायांचं दुखणं आणखी खोल आहे. ठेका बदलला म्हणजे उद्योग बदलला असं सहजासहजी सिद्ध होत नाही. तिथे ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, नंबर आधाराला येतो. तो बाईचा असतो, ठेकेदाराचा नाही. आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी असली की बाळंतपणाचे पैसे महामंडळ देतं, मग ठेकेदार एक असो की दोन. म्हणून ठेका बदलताना नवा नंबर काढू देऊ नका, जुनाच द्या.

म्हशाच्या जत्रेत बैलाचा सौदा होतो तेव्हा बैलाला कोणी विचारत नाही. कामगाराला मात्र त्याच्या संमतीशिवाय नव्या मालकाच्या दावणीला बांधता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं आहे. पण उलट बाजूने आपला कायदा कच्चा आहे. इंग्लंडमध्ये धंदा विकला की कामगारांचे करार आपोआप नव्या मालकाकडे जातात. आपल्याकडे खरेदीदार ‘नको’ म्हणू शकतो आणि बाईच्या हाती भरपाई उरते. ओल्या बाळंतिणीला नवी नोकरी कोण देणार? विक्रीच्या दिवशी रजेवर असलेल्या प्रत्येक बाईचं नाव यादीत घालणं आणि तिची रजा पुरी करणं खरेदीदारावर बंधनकारक हवं. राज्याने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी.

तोवर मी एक अर्ज लिहायला सांगते. रजा सुरू झाल्याची तारीख, बाळंतपणाची तारीख, परत रुजू होण्याची तारीख आणि ‘माझी नोकरी अखंड धरावी’ हे वाक्य. एक प्रत जुन्या मालकाला, एक नव्याला, स्पीड पोस्टाने. पावती जपून ठेवायची. माहेरचा पत्ताही त्यात घालायचा, कारण काढल्याचं पत्र हाती पडल्यापासून दाद मागायला ६० दिवसच मिळतात.