फी थकली कुणाची?

ढाणकी, ता. उमरखेड

चि. छोटीस,

लेकीचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागेचा, फॉर्म भरू की नको, असं तू विचारलंस. माझ्या दादूचं तुझ्या कानावर आलं असणार. फोनवर बोलायला गेलं की कुणी ना कुणी जवळ असतंच, म्हणून लिहूनच कळवते. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही. त्याला आठवीपर्यंत तिथंच शिकायचं आहे.

सुरुवात पोरांनी केली नाही, हे आधी सांगते. सहावीच्या वर्गात बाई आल्या आणि कसल्याशा कागदांसाठी यादी वाचून म्हणाल्या, "आरटीईवाले उभे राहा." चौघं उभे राहिले. पहिलीपासून एकत्र बसणाऱ्या पोट्ट्यांना तोवर कोणाची फी कोण भरतं याचा पत्ताही नव्हता. त्याच मधल्या सुट्टीत दादू 'फुकट्या' झाला आणि पुढं 'सरकारचा जावई'. अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडात हा शब्द कुठून येणार? मोठी माणसं घरात बोलतात तिथूनच.

मग व्हॅनमध्ये जागा देईनात. दप्तर खिडकीबाहेर धरायचं आणि म्हणायचं, फी भर, मग देतो. डब्यात भाकर निघाली की नाक दाबायचं. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. त्याला विचारलं तर भूक नव्हती म्हणाला. खरं काय ते व्हॅनमधल्या एका मुलीनं सांगितलं.

हे आणि मी शाळेत गेलो. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मुलं मस्करी करतात हो, ताई." मग जरा थांबून, "आमचे सरकारकडचे पैसेही किती वर्षं अडकलेत." दुसरं बोलणं खोटं नाही. सरकार एका मुलामागं वर्षाला 17,670 रुपयांपर्यंत शाळेला देणं लागतं आणि ते वेळेवर देत नाही. संस्थावाले ओरडतात त्यात त्यांचं चुकत नाही. पण मग दादू फुकट कुठं शिकतो? त्याची फी थकली आहे आणि ती सरकारनं थकवली आहे. मी हे तिथंच बोलले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही.

खरं तर आरटीईची पोरं शाळेत नकोतच, असं वाटणारे पुष्कळ आहेत. 2024 साली सरकारनंच नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला आरटीईच्या 25 टक्के जागांतून सूट. जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. तोवर किती आईबापांचा जीव टांगणीला लागला होता, ते तुझ्या शेजारणीला विचार.

वकील भाऊजी म्हणाले, आपल्या राज्यात 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार दिली की मुख्याध्यापकांना सात दिवसांत चौकशी करावीच लागते. तो कायदा मी त्यांच्याकडून वाचून घेतला. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि पाच वर्षं कुठल्याच शाळेत प्रवेश नाही. सहावीतल्या पोराला पाच वर्षं घरी बसवायचं? ते मला नको होतं. ती पोरंही कुणाची तरी आहेत, आणि यादी त्यांनी वाचली नव्हती.

म्हणून शाळेला दिलेल्या अर्जात शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 लिहिलं. मुलाला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही, असं ते सांगतं. मागणी एवढीच केली की वर्गात यादी वाचायची नाही, कागद पालकांकडून मागवायचे आणि व्हॅनमध्ये मोठं माणूस बसवायचं. दोन प्रती केल्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. क्लार्क शिक्का मारायला तयार नव्हता, तर तिथल्याच बाकावर बसून राहिले. एक प्रत उमरखेडला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली.

शिक्क्याचा उपयोग झाला. पालकांना बोलावलं. एकाचे वडील म्हणाले, आम्हीही शाळेत असंच सोसलं, बिघडलो का? मी गप्प राहिले, पण उत्तर समोरच उभं होतं. यादी बंद झाली, व्हॅनमध्ये मावशी बसायला लागल्या. 'फुकट्या' अजून अधूनमधून ऐकू येतं. दादू आता डबा खातो, पण वर्गात हात वर करत नाही. तो आपला आपण कधी करील तेव्हा करील.

तू फॉर्म भर. ती जागा कुणाची मेहरबानी नाही. प्रवेश झाला की पहिल्याच पालकसभेत विचार, आरटीईची यादी वर्गात वाचता का? आणि काही झालंच तर तोंडी सांगत बसू नकोस, लेखी दे. फॉर्ममध्ये दहापर्यंत शाळा टाकता येतात, घराजवळच्या आधी टाक. तुमच्याकडे जातीचा दाखला आहे, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारायची गरज नाही. जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा मात्र आत्ताच काढून ठेव. मुदत गेली की कुणी ऐकत नाही.

तुझी,
ताई